सेल्फ फिरतो पण गाडी उठत नाही, आणि तेही कधीतरीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत गाडी सुरू होत नसेल तर काय करावं यावर एक छोटा लेख आला होता, बॅटरी तपासा, टाकीत पेट्रोल आहे का बघा, तरी नाही झालं तर मेकॅनिकला बोलवा असं त्यात होतं. चूक काहीच नाही त्यात. पण ज्याची गाडी कायमचीच बसलीय त्याला हा सल्ला पुरतो, ज्याची गाडी कधीतरीच बसते त्याने काय करायचं? म्हणजे सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतंय, पण पकडतच नाही, आणि अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू, जणू काही झालंच नव्हतं. मेकॅनिक येईपर्यंत गाडी एकदम शहाणी झालेली असते आणि वेडे आपण ठरतो. मी या भानगडीत पाच महिने काढलेत म्हणून हे पत्र. लांबणार आहे, जागा नसेल तर कात्री लावा पण मधला सेन्सरचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

मी मेकॅनिक नाही, आयुष्यभर हिशेब तपासायचं काम केलंय. तिथे एक गोष्ट शिकलो होतो की दर महिन्याला येणारी चूक सापडायला सोपी, पण एखाद्याच महिन्यात येते ती चूक माणसाचा जीव खाते, आणि ती सापडते ती फक्त "त्या महिन्यात वेगळं काय होतं" हे कुणीतरी टिपून ठेवलं असेल तरच. गाडीच्या बाबतीत हे मला सुचायला पाच महिने का लागले कोण जाणे.

आधी एक साधी गोष्ट. "गाडी चालू होत नाही" एवढंच आपण फोनवर सांगतो पण त्यात दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. एकात चावी फिरवल्यावर नुसता टक् असा आवाज येतो किंवा टकटकटकटक, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, इंजिन फिरतच नाही. हे बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची वायर नाहीतर सेल्फची मोटर, यातलं काहीतरी. दुसऱ्यात सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो, आवाज ओळखीचा येतो, पण इंजिन पेट घेत नाही. यात सेल्फ आणि बॅटरी दोघंही आपलं काम करतायत, अडलंय ते पुढे, म्हणजे पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) आणि हे सगळं नेमक्या वेळेला जुळणं, या चारांपैकी कुठेतरी. हा फरक फोनवर सांगितलात तरी मेकॅनिकचं अर्धं काम होतं. मी तीन वेळा नुसतं "बंद पडली" एवढंच सांगितलं आणि तिन्ही वेळा तो जंप स्टार्टच्या केबल घेऊन आला, त्याची तरी काय चूक.

आमच्या गाडीचं असं व्हायचं की सकाळी एकदम मस्त चालू, तासभर चालवली तरी काही तक्रार नाही, पण कुठे दहा पंधरा मिनिटांसाठी थांबून परत आलो की सेल्फ फिरतोय आणि गाडी ढिम्म. प्रत्येक वेळी नाही हां. आठ दहा थांब्यांमागे एखादा. दोन मिनिटांसाठी थांबलो तर कधीच नाही, दोन तास थांबलो तरी कधीच नाही, मधलंच काहीतरी. तेव्हा हे लक्षातही आलं नाही, नुसतं "कधी कधी होतं" एवढंच डोक्यात. नंतर कळलं की यातच अख्खं उत्तर होतं. इंजिन बंद केल्यावर ते लगेच थंड होतं असं आपल्याला वाटतं, पण उलट असतं, पाणी फिरायचं थांबतं, समोरून येणारी हवा थांबते, आणि इंजिनच्या लोखंडात साठलेली उष्णता बोनेटखाली पसरत राहते. त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली पंधरा वीस मिनिटं बोनेटखालचे बरेचसे पार्ट चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. उष्णतेने बिघडणारा कुठलाही पार्ट नेमका याच वेळात दगा देतो आणि अर्ध्या पाऊण तासात निवला की परत साळसूद.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. जुनी होतीच, आणि बदलल्यावर तीन आठवडे गाडी एकदाही अडली नाही, मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा बॅटरीच होती. चौथ्या आठवड्यात परत तेच. मग स्पार्क प्लग बदलले. दहा दिवस ठीक. मग मेकॅनिक नशिबाने अगदी त्याच वेळी हजर होता जेव्हा गाडी अडलेली होती, त्याने मागच्या सीटखाली कान लावला, मला सेल्फ मारायला सांगितला आणि म्हणाला काका पंपाचा आवाजच येत नाहीये, फ्युएल पंप गेला. झालं, टाकीतला पंप बदलला, त्याचा रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) तोही नवीन टाकला. आणि खरं सांगतो, त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, पंप त्या वेळी खरंच बंद होता. निष्कर्ष तेवढा चुकला. नवीन पंप टाकून सहाव्या दिवशी गाडी परत रस्त्यात.

त्या दिवशी मुलगी शेजारच्या सीटवर होती. मी वैतागून सेल्फवर सेल्फ मारतोय आणि ती म्हणते बाबा तो काटा हलतच नाहीये. कुठला काटा? आरपीएमचा. म्हटलं इंजिन चालू नाही तर काटा कसा हलेल. ती म्हणाली सकाळी चालू करताना मी बघितलं होतं, गाडी धरायच्या आधी सेल्फ फिरत असतानाच काटा थोडासा वर येतो, आत्ता शून्यावर चिकटलाय. मला पटलं नाही, पण अर्ध्या तासाने गाडी चालू झाली तेव्हा मुद्दाम बघितलं, आणि खरंच, सेल्फ फिरताना काटा दोनशेच्या आसपास उचलला गेला आणि मग इंजिन धरलं.

आता हा काटा का महत्त्वाचा ते सांगतो. इंजिनच्या खालच्या बाजूला क्रँकशाफ्ट असतो, त्याच्या टोकाला एक दातेरी चक्र, आणि त्या दातांसमोर बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो, क्रँक सेन्सर म्हणतात. दात समोरून गेला की सेन्सरमधून एक ठोका जातो, आणि चक्रावर एक दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, त्या रिकाम्या जागेवरून गाडीच्या कॉम्प्युटरला म्हणजे ईसीयूला कळतं की पिस्टन आत्ता नेमके कुठे आहेत. हे कळल्याशिवाय ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल कधी फवारायचं हे त्याला ठरवता येत नाही. सेन्सर गप्प झाला की ईसीयूच्या लेखी इंजिन उभंच आहे, भले सेल्फ ते गरगर फिरवत असो. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. आणि पंप? चावी ऑन केली की पंप साधारण दोन सेकंद चालतो, लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो, पुन्हा चालू होतो तो ईसीयूला इंजिन फिरतंय असं दिसलं तरच. ही सोय मुद्दाम केलेली आहे, अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये म्हणून. म्हणजे आमच्या मेकॅनिकने जो बंद पंप पाहिला तो बिचारा हुकमाची वाट बघत बसला होता! तो चावी ऑन केल्यावरचे पहिले दोन सेकंद ऐकायला हवे होते, सेल्फ मारताना नाही. चावी ऑन केल्यावर मागून बारीक घूं ऐकू आला आणि सेल्फ मारताना नाही, तर पंपाकडे नाही, सेन्सरकडे बघा. दोन्ही वेळी आवाज नाही तर मग पंप, त्याचा फ्यूज, रिले, वायरिंग. (काही नव्या गाड्यांत दार उघडल्यावरच पंप फिरून घेतो, त्यामुळे चावीला आवाज नाही आला म्हणून लगेच पंपाला फासावर चढवू नका.)

आणि बॅटरी बदलल्यावर तीन आठवडे गाडी बरी का झाली? हे मला खूप दिवस छळत होतं. आमच्या गाडीत जुन्या पद्धतीचा, चुंबक आणि तारेची कॉइल असलेला दोन वायरचा सेन्सर आहे. त्याचा सिग्नल चक्र जितकं जोरात फिरेल तितका मोठा होतो. बॅटरी जुनी होती तेव्हा सेल्फ हळू फिरायचा, सिग्नल आधीच अशक्त, त्यात कॉइल तापलेली. नवीन बॅटरीने सेल्फ जोरात फिरायला लागला, सिग्नल ईसीयूला ऐकू येईल एवढा झाला, म्हणून दुखणं झाकलं गेलं. सेन्सर आणखी बिघडल्यावर नवीन बॅटरीलाही ते झाकता आलं नाही. म्हणजे बघा, चुकीचं औषध पण गुण येतो, आणि तेच जास्त घातक कारण आपली खात्री पटते.

तुम्ही म्हणाल स्कॅनर लावला नाही का. लावला होता, दोनदा. कोड, म्हणजे ईसीयूने साठवलेली बिघाडाची नोंद, शून्य. मेकॅनिक म्हणाला कॉम्प्युटर सांगतोय गाडी ओके आहे, घेऊन जा. आता अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला स्कॅनर लावायचा तो सोळा पिनांचा सॉकेट सक्तीचा झाला आणि पुढे तो बहुतेक सगळीकडेच पोचला, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) सेन्सरचं, असे ठरलेले कोड आहेत, हे सगळं खरं. पण उभं असलेलं इंजिन आणि गप्प बसलेला सेन्सर या दोन गोष्टी ईसीयूला बऱ्याच वेळा सारख्याच दिसतात, दोन्हीकडे आरपीएम शून्य, मग तो चूक कशाची नोंदवणार? कोड नाही याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. स्कॅनरचा खरा उपयोग गाडी अडलेली असताना लाइव्ह डेटा बघण्यात आहे, सेल्फ मारत असताना आरपीएम किती दाखवतो, पेट्रोलचं प्रेशर किती, पाण्याचं तापमान किती. आता फोनला जोडता येणारे छोटे स्कॅनर मिळतात, एक गाडीतच ठेवावा. आणि हो, "बॅटरीची वायर काढून पाच मिनिटांनी लावा, रिसेट होईल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकून आधी वायर काढली तर बऱ्याच गाड्यांत जे काय थोडेफार कोड साठले असतील तेही पुसले जातात. पुरावा आपल्याच हाताने पुसायचा प्रकार.

शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो, वयस्कर माणूस, फार बोलत नाही. त्याला काट्याचं सांगितलं, थांबायचं पंधरा मिनिटांचं गणित सांगितलं. त्याने सेन्सर काढला, टेबलावर ठेवला, मीटर लावला, थंड असताना साधारण ९०० ओहम. म्हणाला हे तर बरोबर आहे. मग केस वाळवायचा ड्रायर आणला आणि सेन्सरवर गरम हवा सोडली. आकडा हळूहळू वर चढत गेला, चढणं साहजिकच होतं कारण तांब्याची तार तापली की रोध वाढतोच, आणि मग अचानक मीटरवर आकडाच गायब, सर्किट ओपन. आत कुठेतरी केसाएवढी तार तुटलेली, थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली आणि तापून प्रसरण पावली की वेगळी. ड्रायर बंद केला, चार पाच मिनिटांत आकडा परत आला. मी सांगतो तुम्हाला, पाच महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, गाडी नीट झाली म्हणून नाही तर मी वेडा नाही हे मीटरवर दिसलं म्हणून. (तीन वायरचे हॉल प्रकारचे सेन्सर असतात ते असे ओहमवर तपासता येत नाहीत, त्यांना सप्लाय देऊन सिग्नल बघावा लागतो, हे त्यानेच सांगितलं.)

पण हे वाचून कुणी उद्या जाऊन क्रँक सेन्सर बदलून घेऊ नये, नाहीतर माझ्या पत्राने नुकसानच व्हायचं. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, फक्त ते कधी येतं यावरून त्याचं घर ओळखता येतं. सकाळी किंवा बराच वेळ उभी राहिल्यावर खूप वेळ सेल्फ मारावा लागत असेल, तर लाइनमधलं प्रेशर रात्रीत उतरत असणार, पंपाजवळचा वन वे व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा). याची परीक्षा फुकट आहे, सेल्फ न मारता चावी ऑन करा, दोन तीन सेकंद थांबा, ऑफ करा, असं तीन चारदा करून मग सेल्फ मारा, चटकन चालू झाली तर प्रेशरचाच मामला. साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत लाइनचं प्रेशर तीन ते चार बारच्या आसपास असतं, गेज लावला की रात्रीतून किती उतरलं ते दिसतं. पेट्रोल भरल्यानंतर लगेचच त्रास देत असेल तर टाकीतली वाफ इंजिनकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी, इंजिनात नुसती वाफच वाफ जाते आणि मिश्रण बिघडतं. हे एक मला कुणी आधी सांगितलं असतं तर मित्राची गाडी तरी वाचली असती, त्याने पंपही बदलला, इंजेक्टरही साफ केले, आणि गंमत म्हणजे दर वेळी टाकी फुल केल्यावरच अडते हे त्याच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

पाऊस पडला किंवा गाडी धुतली की अडते तर इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी, पाणी शिरलेला कनेक्टर. गरम असताना अडते आणि सायलेन्सरपाशी पेट्रोलचा भपकारा येतो, तर पेट्रोल येतंय पण जास्त येतंय किंवा ठिणगी नाहीये. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल तर ईसीयूला वाटतं इंजिन गारठलंय आणि तो तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओततो. त्या सेन्सरची वायर तुटली तर स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतं, तेव्हा भर उन्हात तुमची गाडी ध्रुवावर उभी असल्यासारखं दिसलं तर समजून जा. इंजिन असं पेट्रोलने ओलं झालं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पूर्ण दाबला की ईसीयू सेल्फच्या वेळी पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा जाऊन सिलेंडर कोरडे होतात. चालू झाली की पाय लगेच उचला.

मग चावी. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही. काही गाड्यांत तेव्हा सेल्फच फिरत नाही, काहींत सेल्फ फिरतो पण पेट्रोल मिळत नाही, काहींत गाडी चालू होऊन सेकंदाभरात बंद पडते. दुसरी चावी लावून बघणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी अडकवलेली असेल तर ती काढून बघा. दुसरी चावी घरात कपाटात ठेवून आपण गावभर फिरतो, ती अशा वेळी काय कामाची. रिलेचंही तसंच, फ्यूज बॉक्समध्ये बरेच रिले सारखेच असतात, नंबर जुळत असेल तर हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावायचा, गाडी चालू झाली तर चोर सापडला. दोन मिनिटांचं काम. आतली सोल्डर तडकलेले रिले उष्णतेत असेच कधीतरी दगा देतात.

आणि सगळ्या पार्टांच्या आधी वायरी आणि कनेक्टर. पार्ट नवीन टाकला की गाडी बरी होते ती कधी कधी पार्टमुळे नाही, तो बदलताना कनेक्टर काढून परत घट्ट बसवला म्हणून बरी होते! त्यामुळे आधी नुसता कनेक्टर काढून बघा, पिना हिरव्या पडल्यात का, सैल झाल्यात का. आणि गाडी चालू असताना वायरिंगचा जुडगा हलक्या हाताने हलवून बघा, इंजिन अडखळलं तर जागा तिथेच, फक्त हात आणि बाह्या फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. बॅटरीचा मीटरही वीस सेकंदांचं काम आहे, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास व्होल्ट, आणि सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. त्याच्या बरंच खाली गेलं तर सेल्फ फिरताना दिसतो पण ईसीयूला स्वतःलाच पुरेशी वीज मिळत नाही, तेव्हा मात्र बॅटरी किंवा अर्थिंगच गुन्हेगार.

आता माझा खरा मुद्दा, आणि हा मेकॅनिक मंडळींनी राग न मानता वाचावा. असा अधूनमधून येणारा बिघाड जेव्हा हजर असतो त्या पाच दहा मिनिटांत तिथे फक्त गाडी चालवणारा असतो. गॅरेजमध्ये पोचलेली गाडी ही बरी झालेली गाडी असते. म्हणजे साक्षीदार एकच आणि त्याला कुणी काही विचारतच नाही. माझ्याकडून पाच महिन्यांत बॅटरी, प्लग, पंप, रिले एवढं सगळं बदलून घेतलं गेलं पण "किती वेळ थांबला होता, टाकी किती भरलेली होती, पेट्रोलचा वास होता का, काटा हलत होता का" यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही, तो दुसरा मेकॅनिक सोडला तर. "हा पार्ट टाकून बघू" हे तपासणं नव्हे, ही सोडत आहे, आणि तिकिटाचे पैसे गिऱ्हाईकाचे. अर्थात आपणही काही कमी नाही. गाडी अडली की आपण घाबरून पंधरा सेकंद, वीस सेकंद सेल्फ धरून ठेवतो, बॅटरी उतरवतो, मग जो बिघाड पेट्रोलचा होता तो बॅटरीचा दिसायला लागतो. मी तेच केलं.

तर अडली की आधी हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, आणि सेल्फ मारायच्या आधी एक श्वास घ्या. चावी ऑन, थांबा, ऐका, पंप घूं करतो का. चेक इंजिनचा दिवा पेटला का? चावी ऑनला तो पेटायलाच हवा, पेटलाच नाही तर ईसीयूलाच वीज मिळत नसेल. चावीचं चित्र लुकलुकतंय का. मग सेल्फ, पाच सात सेकंद, दहाच्या वर नाही, डोळे आरपीएमच्या काट्यावर. काही गाड्यांत तो सेल्फवर एरवीही हलत नाही, म्हणून गाडी चांगली असताना एकदा बघून ठेवा. हे सगळं फोनवर व्हिडिओ करा, डॅशबोर्ड दिसला पाहिजे आणि आवाज आला पाहिजे. वीस सेकंदांचा तो व्हिडिओ तुमच्या वीस वाक्यांपेक्षा बरा. सेल्फचा आवाज एकदम हलका, एकसारखा आणि नेहमीपेक्षा वेगाने येत असेल, म्हणजे इंजिनला दाबच नाही असा, तर तिथेच थांबा, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो आणि पुढे फिरवलं तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. बाकी दोन सेल्फमध्ये निदान अर्धा मिनिट सोडा, ती मोटर शंभराहून जास्त अँपिअर खाते, तापून जळते. आणि मग वहीत लिहा. किती वाजता, आधी किती चालवली, किती वेळ थांबलो, टाकी किती, उन्हात की सावलीत, चढावर की सपाट, परत कधी चालू झाली. माझ्या वहीत सातच नोंदी होत्या आणि सातही वेळा थांबा दहा ते पंचवीस मिनिटांचा निघाला. ही वही मी पहिल्या महिन्यात लिहिली असती तर!

न करण्याच्या गोष्टी पटकन सांगतो. प्लग काढून हातात धरून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा, आताच्या कॉइलमधून वीस तीस हजार व्होल्ट सहज येतात आणि शेजारी पेट्रोलची वाफ असते, टेस्टर मिळतो तो वापरावा. पुन्हा पुन्हा धक्का मारूनही चालू करू नका, ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने होतच नाही, आणि मॅन्युअलमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतं, तो बाद झाला तर आधीचा बिघाड स्वस्त वाटेल. क्रँक हा शब्द मुळात हँडलचा, १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला त्याच्या आधी समोर उभं राहून हँडल मारावं लागायचं, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. निदान तेव्हा अडचण कुठे आहे ते हाताला तरी कळत असेल.

संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत नवीन मॉडेलच्या टचस्क्रीनवर अर्धं पान असतं, त्यातलं एक चौकोन भरून कधी "गाडी अडली तेव्हा काय बघाल" असं कापून ठेवता येईल असं काहीतरी द्या ना. गाडीच्या कप्प्यात ठेवता येईल.

आपला,
एक वाचक

ता. क. डिझेलवाल्यांचं राहिलंच. तिथे ठिणगी नसते पण क्रँक सेन्सर असतोच आणि तो गप्प झाला तर तिथेही हेच. त्याशिवाय कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) डिझेलला सेल्फवर साधारण दोनशे बारचं प्रेशर झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही, त्यामुळे फिल्टरपाशी कुठे हवा ओढली जात असेल, फिल्टरात पाणी असेल किंवा गरम झाल्यावर इंजेक्टरमधून जास्त डिझेल परत जात असेल तर सेल्फ नुसताच फिरतो, स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. गार हवेतच अडत असेल तर ग्लो प्लग (सिलेंडर तापवणारा). आणि ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो स्टार्टिंगचा स्प्रे चुकूनही मारू नका, तापलेल्या प्लगवर तो नको तेव्हा भडकतो आणि इंजिन फोडतो.